गाऱ्हाण्यात मुंबई

मी चीनमध्ये शिकवते असं कळलं की लोक आधी विचारतात, तिथे खातेस काय. उत्तर सोपं आहे. भात आणि मासे, म्हणजे घरी खात होते तेच. मग विचारतात, भाषेचं कसं जमतं. तेही सांगता येतं. पण घरच्यांनी जाऊ कसं दिलं, हे फारसं कोणी विचारत नाही. मला ते नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही. तरी लिहून बघते आहे, कारण पहिलं वर्ष संपवून मी घरी आले तेव्हा दुसऱ्या वर्षाला जायचं की नाही, हे आईपाशी अडलं होतं आणि आई एका गाऱ्हाण्यापाशी अडली होती.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. महाडला केलं, रोज एसटीने जाऊन-येऊन. पुढचं शिक्षण पनवेलला राहून. नंतर नवी मुंबईतल्या एका इंग्रजी शाळेत दोन वर्षं गणित शिकवलं. तिथल्याच एका शिक्षिकेकडून कळलं की दक्षिण चीनमधल्या काही शाळांना इंग्रजीतून गणित शिकवणारी माणसं हवी असतात. मी अर्ज केला, फोनवर मुलाखत झाली आणि निवड झाल्याचं पत्र आलं. ते वाचून आधी वाटलं, दुसऱ्या कोणाचं तरी आपल्याला आलं असेल.

मग कागदपत्रं सुरू झाली. पोलीस दाखल्यासाठी पोलादपूरला गेले तर तिथले हवालदार माझा अर्ज हातात धरून बराच वेळ बघत बसले.

"मोबाईल तिकडनं येतात, खेळणी तिकडनं येतात," ते म्हणाले. "आणि मास्तर आपल्याकडनं जातात?"

मी म्हटलं, "हो, गणिताचे."

"बरं झालं," त्यांनी शिक्का उचलला. "काहीतरी तर इकडनं जातंय."

निघायच्या आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं झालं. आमच्या वाडीत कामाधंद्यासाठी बाहेर जाणारं माणूस देवीला सांगितल्याशिवाय शीव ओलांडत नाही. गुरवबाबा नारळ हातात घेऊन देवीसमोर उभे राहतात आणि मोठ्या आवाजात, एका दमात सांगतात की हे अमक्या घरचं लेकरू, अमक्या ठिकाणी पोटापाण्याला चाललं आहे, याला सांभाळ. मग कौल लावतात. पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार. पुरुष आत असतात, बायका बाहेर मंडपात. त्या दिवशी मंडपाच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की मला आतलं काही ऐकू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष पासपोर्टच्या पिशवीकडे होतं. उजवी पाकळी पडली. सगळ्यांना खोबरं वाटलं. मी गेले.

शहर फुजियान प्रांतातलं, डोंगर आणि खाडी यांच्या मधोमध वसलेलं. शाळेच्या आवारातच शिक्षकांची इमारत होती. तिथे मला एक खोली आणि कपडे वाळत घालायला गॅलरी मिळाली. सकाळी मैदानावर व्यायामाचं संगीत सुरू झालं की उठायचं, कारण त्यानंतर झोप शक्यच नव्हती. मला सातवी-आठवीचे वर्ग होते. मुलं गणितात मागे नव्हती. मागे होती ती इंग्रजीत, आणि इंग्रजीत मीही फार पुढे नव्हते. त्यामुळे आमचं जमलं. फळ्यावर समीकरण मांडलं की दोन्ही बाजूंना हायसं वाटायचं.

दुपारी जेवणानंतर सगळी शाळा झोपते. पडदे ओढतात, मुलं बाकावर डोकं टेकतात आणि शिक्षकांच्या खोलीत घडीच्या खाटा उघडतात. सुरुवातीला मी एकटीच जागी बसून वह्या तपासत असे. मग शेजारच्या टेबलावरच्या शिक्षिकेने एक दिवस माझ्यासाठीही खाट आणून ठेवली. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "दुपारी निजायचा पगार देतात होय गो तुला?"

खानावळीत वाढणाऱ्या बाई मला पाहिलं की डुकराच्या मटणावरचा डाव उचलून माशाकडे न्यायच्या. मी डुक्कर खात नाही हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी माशाकडे बोट दाखवलं, ते त्यांनी वर्षभर लक्षात ठेवलं. भात मात्र चिकट. कालवून खावा तर हाताने खायची सोय नाही आणि काड्यांनी उचलावा तर माझ्या हातून निम्मा ताटात परत. रविवारी खोलीतल्या छोट्या शेगडीवर मी कुळथाचं पिठलं करायची आणि गॅलरीचं दार उघडं ठेवायची, वास बाहेर जावा म्हणून. वास शेजारच्या खोलीतल्या बाईंकडे जायचा. त्या कोरड्या खोकल्या की मी दार लावून घ्यायची.

बाजाराच्या वाटेवर, गल्लीच्या तोंडाशी, एक गुडघ्याएवढं देऊळ होतं. आत पांढऱ्या दाढीचा, हसऱ्या चेहऱ्याचा म्हातारा बसलेला. समोर संत्री आणि उदबत्त्यांची राख. वर्गातल्या एका मुलीने सांगितलं होतं की तो त्या जागेचा देव, मोठा नाही, तेवढ्या वस्तीपुरता. मी भाजी घेऊन रोज त्याच्यावरून यायची. थांबले कधी नाही.

आमच्या वाडीत फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. आई गुरं बांधून तिन्हीसांजेला तिथे यायची. तिकडे तेव्हा माझं रात्रीचं जेवण आटपलेलं असायचं. आमचं नेहमीचं फोनचं ॲप तिथे चालत नाही, म्हणून भावाने सुट्टीत येऊन आईच्या फोनमध्ये दुसरं घालून दिलं होतं, आणि त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता. ती फोनकडे ओरडून बोलायची. काय जेवलीस हे विचारायला तिला सुचायचंच नाही. बोलणं नेहमी एकाच प्रश्नावर संपायचं.

"मुंबईला कधी येतेस?"

मी म्हणायची, जुलैत. मला वाटायचं, विमान तिथे उतरतं म्हणून ती तसं विचारते.

हिवाळा सरता सरता त्यांचं नवं वर्ष येतं. त्याच्या आठवडाभर आधीपासून शहर गावाला निघालं. आमच्या फाटकावरचा रखवालदार डोंगरातल्या कुठल्याशा गावचा होता. त्याने दोन प्लास्टिकच्या बादल्यांत सामान भरलं आणि वर झाकणं बांधली. बादल्या कशाला, असं मी फोनवरच्या भाषांतरातून विचारलं. गाडीत बसायला जागा मिळाली नाही तर त्यावर बसता येतं, असं उत्तर आलं. शिमग्याला पोलादपूरला उतरणारी आमच्याकडची माणसं मला आठवली. त्यांच्याकडे बादल्या नसतात, एवढंच. मग त्याने मला उलट विचारलं, तू घरी का जात नाहीस? मी म्हटलं, लांब आहे. तो म्हणाला, माझंही लांब आहे.

आवार रिकामं झालं आणि मला ताप आला. खानावळ बंद, बाजारातली निम्मी दुकानं बंद. महाडहून आणलेले पोहे शिल्लक होते, ते गरम पाण्यात भिजवून खात होते. आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझ्या आवाजावरून तिला कळलं.

मग ती म्हणाली, "तुझं गाऱ्हाणंच चुकलंय गो."

"काय चुकलंय?"

"गुरवबाबा मुंबय बोलले. 'लेकरू मुंबईस चाललंय.' मी दाराशीच उभी होते, मी ऐकलंय. देवी तुला मुंबईत शोधतेय नि तू तिथं तापानं पडलीयस."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. गुरवबाबांचं काय झालं असेल ते मला समजत होतं. आमच्या वाडीतून बाहेर जाणारं प्रत्येक माणूस मुंबईलाच जातं. ठाण्याला गेलं तरी मुंबई, पनवेलला गेलं तरी मुंबई. माझे बाबा तिथे एका सोसायटीत रखवालदार आहेत, त्यांचं गाऱ्हाणं दरसाल तेच. इतक्या वर्षांची सवय तोंडाला, त्यात एका पोरीसाठी चीन कुठून येणार. पण आई तेव्हापासून ते मनात धरून होती. गाऱ्हाणं चालू असताना मंडपातून बायकांनी बोलायचं नसतं, म्हणून ती बोलली नव्हती. मी बसमधून चुकीच्या ठिकाणी उतरले, वादळामुळे शाळा बंद राहिली, असं काहीही कळवलं की तिचा हिशेब तिथेच जाऊन पोचत होता.

ताप उतरला. शाळा सुरू झाली. उन्हाळ्यात करार संपत आला तेव्हा मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षाचं विचारलं. मला यायचं होतं. आठवीची मुलं नववीत माझ्याकडेच येणार होती आणि त्यांना आता माझं इंग्रजी कळायला लागलं होतं. पण मी म्हटलं, घरी जाऊन येते, जुलैअखेर कळवते.

घरी पोचले तेव्हा लावणी चालू होती. दुसऱ्या दिवसापासून मीही चिखलात उतरले. रोपांच्या जुड्या हातात घेऊन वाकून चालताना आईला विचारणं सोपं जाईल असं वाटलं, कारण दोघींची तोंडं खाली असतात.

"शाळेवाले बोलावतायत परत," मी म्हटलं.

आईने चार रोपं लावली. "देवीनं मुंबय दिलीय, मुंबय घे. ती नव्या मुंबईची शाळा काय वाईट होती?"

"तिथली मुलं वाट बघतायत."

"मग जा. मी नाय म्हणत नाय."

आमच्या घरात 'नाय म्हणत नाय' याचा अर्थ काय होतो ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिने अडवलं नसतं. विमानतळापर्यंत डबाही दिला असता. पण तशी मी गेले असते तर वर्षभर ती टाकीपाशी उभी राहून मला मुंबईत शोधत राहिली असती. शिवाय दिवस जुलैचे. तळीये गावावर दरड कोसळली तेव्हापासून आमच्याकडे या दिवसांत माणसं डोंगराकडे कान देऊन निजतात, आणि मनातलं बोलायचं ठेवून कोणी कोणाला लांब पाठवत नाही. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "तुझी आई म्हणंल तसं." त्यांचं सगळ्यावर हेच उत्तर असतं.

मी आईला म्हटलं, मग गाऱ्हाणं पुन्हा घालू. ठिकाण नीट सांगू. कौल डावा आला तर मी शाळेला 'येत नाही' असं कळवते. हे म्हणताना मला भीती वाटली, पण दुसरा काही उपाय दिसत नव्हता.

देवळात आमच्या घरातर्फे चुलते बोलतात. ते ओटीवर येऊन बसले आणि ऐकून त्यांनी मान हलवली.

"एकदा घातलेलं गाऱ्हाणं बदलायचं म्हंजे गुरवबाबा चुकले असं तोंडावर सांगायचं. त्यांना काय वाटंल? आणि देवीला काय कळत नाय काय, पोर कुठं हाय ते?"

"कळतं ना?" आई चुलीजवळून म्हणाली. "मग दरसाल सांगायला कशाला जाता भावोजी?"

चुलते थोडा वेळ पायाचा चिखल खरवडत बसले. मग त्यांनी चहा मागितला. याचा अर्थ ते येणार होते.

दोन दिवसांनी सकाळी देवळात गेलो. पाऊस होताच. चुलत्यांनी गुरवबाबांना चुकीबद्दल काही सांगितलं नाही. "पोर परत चाललीय, नवं गाऱ्हाणं घालू या," एवढंच म्हणाले. गुरवबाबा आता बरेच थकले आहेत. त्यांनी हात पुसले, नारळ घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज मात्र तसाच खणखणीत. घराचं नाव झालं, बाबांचं झालं, माझं झालं.

"...हे तुझं लेकरू मुंबईस पोटापाण्याला..."

"मुंबईस नाय," आई मंडपातून म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण गुरवबाबा थांबले. चुलत्यांनी छपराकडे पाहिलं. मी आईच्या शेजारी उभी होते आणि तिच्या हातातली फुलांची पुडी चुरगळलेली मला दिसली.

गुरवबाबांनी वळून पाहिलं. "मग कुठं?"

"चीनला."

"गेल्या साली मी काय बोललो?"

"मुंबय."

ते नारळाकडे बघत राहिले. "बोललो असंन," ते म्हणाले. "तुझ्या घोवाचं गाऱ्हाणं घालता घालता माझे दात पडले. तोंड उघडलं की मुंबयच येते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ये इकडं, पुढं ये. मला सांग. आपली देवी तुला शिवेपर्यंत नेणार. मुंबईच्या माणसाला मी तिथल्या देवीच्या हवाली करतो. तुला कोणाच्या हवाली करू? तिथं राखणदार कोण हाय?"

गणिताच्या वर्गात असा प्रश्न आला असता तर मी थोडा वेळ मागितला असता.

"चीनमधी देवबीव नाय," चुलते म्हणाले. "पेपरात येतं."

"राखणदार नाय तर माणसं राहतात कशी?" गुरवबाबा म्हणाले. "आठव जरा."

तेव्हा मला गल्लीच्या तोंडाशी बसलेला म्हातारा आठवला. मी घाबरत घाबरत सांगितलं. लहानसं देऊळ आहे, पांढरी दाढी आहे, त्या वस्तीपुरताच देव आहे, लोक समोर संत्री ठेवतात.

"संत्री?" चुलते म्हणाले. "आपला राखणदार कोंबडं मागतो आणि हा संत्र्यावर भागवतो?"

"सणाला कोंबडी पण ठेवतात," मी म्हटलं. "आख्खी, उकडून."

गुरवबाबा हसले. "मग आपल्यातलाच हाय." त्यांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी ते सावकाश बोलत होते, एकेक पायरी बघून उतरावी तसं. हे लेकरू चीन मुलुखात पोरांना शिकवायला चाललं आहे. तिथे बाजाराच्या वाटेवर, गल्लीच्या तोंडाशी, पांढऱ्या दाढीचा राखणदार बसतो. आई, तुझ्या शिवेपर्यंत तू ने आणि पुढे त्याच्या हवाली कर. त्याला सांग, हिला ताप येतो तेव्हा लक्ष ठेव.

तापाचं त्यांना कोणी सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. आईने सांगितलं असणार.

पाकळ्या लावल्या. आम्ही उभे राहिलो. त्या पडायला किती वेळ लागला ते मी सांगू शकणार नाही. चुलते एकदा बाहेर जाऊन शेताकडे बघून आले, माणसं लावणीला खोळंबली होती. मी मनात शाळेला पाठवायचं पत्र लिहायला घेतलं होतं, नाही म्हणणारं, आणि त्याची पहिली ओळ मला जमत नव्हती. मी आईकडे पाहिलं. ती पाकळ्यांकडे बघत नव्हती. ती गुरवबाबांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मी आले त्या दिवसापेक्षा सैल झाला होता.

उजवी पडली.

आईने नमस्कार केला आणि म्हणाली, "चला, रोपं काढून ठेवलीत."

ऑगस्टात बॅग भरायला घेतली. घरचा मसाला, कुळथाचं पीठ, आमसुलं, पोहे. सुका जवळा चालत नाही असं मी सांगितलं तर आईला पटलं नाही. दोनदा मी पुडी बाहेर काढली, दोनदा ती कपड्यांखाली सापडली. तिसऱ्या वेळी मी ती चुलत्यांच्या घरी देऊन आले. वजन करायला बॅग भातगिरणीत नेली. गिरणीवाल्याने ती पोती तोलायच्या काट्यावर ठेवली आणि विचारलं, "भात कुठला, कोलम की रत्ना?" वजन जास्त भरलं. तिथेच ओट्यावर बॅग उघडून आईने पोह्यांची एक पिशवी काढली आणि गिरणीवाल्याला देऊन टाकली. गेल्या वर्षी अशा वेळी ती रडली होती. या वर्षी ती गिरणीवाल्याशी भाताच्या भावावर वाद घालत होती.

देवीचा नारळ मला विमानातून पुढे नेता येणार नव्हता, तो इथेच फोडला. आईने त्याच्याऐवजी मला काम दिलं. पोचलीस की पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याला जाऊन सांग. देवीने धाडलंय म्हणून सांग. रिकाम्या हाती जाऊ नकोस.

पोचले त्या संध्याकाळी बाजार उघडा होता. मी संत्री घेतली. देवळापुढे उभी राहिले तेव्हा लाज वाटली, कारण समोर चपलांच्या दुकानातली बाई बघत होती. कोणत्या भाषेत बोलायचं ते कळेना. मग मी आमच्या वाडीच्याच भाषेत, हळू आवाजात बोलले. मी अमक्या घरची, कापड्याच्या वरची, देवीनं धाडलंय, इथं शिकवायला असते. एवढंच. दुकानातली बाई उठून आली, तिने माझ्या हातात तीन उदबत्त्या दिल्या, कशा धरायच्या ते दाखवलं आणि परत जाऊन बसली.

रात्री आईचा फोन आला.

"सांगितलंस त्याला?"

"सांगितलं."

"काय ठेवलंस?"

"संत्री."

"कोंबडीचं बघ सणाला." मागे कोणाची तरी म्हैस हंबरत होती, आई तिला हाकलून परत फोनवर आली. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होते. ती म्हणाली, "जेवलीस काय?"

मी म्हटलं, भात नि मासे.

"बरं. ठेवते," ती म्हणाली, आणि तिने ठेवला.